'लीव्हिंग होम' : इंडियन ओशन आणि करोल बागेतला तो बंगला

पाणकळा

गेल्या आठवड्यात जयदीप वर्मा यांचा 'लीव्हिंग होम' पुन्हा पाहिला. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडवरचा, साधारण दोन तासांचा माहितीपट. पहिल्यांदा पाहिला तो एप्रिल २०१० मध्ये, मुंबईत, चित्रपटगृहात तिकीट काढून. त्या काळी माहितीपट असा रीतसर प्रदर्शित होणं फार दुर्मीळ होतं. सभागृहात आम्ही जेमतेम वीस-पंचवीस जण असू, पण शेवटी एकही जण लगेच उठला नव्हता.

त्याचं कारण पडद्याबाहेरचं होतं. चौघांपैकी असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले होते. वय बावन्न. चित्रीकरण झालं तेव्हा ते होते, हसत होते, तबल्यावर हात ठेवून गात होते. फिल्म लोकांपुढे आली तेव्हा नव्हते. चालत्या-बोलत्या बँडची म्हणून केलेली गोष्ट तीन महिन्यांत आठवण होऊन बसली. पहिल्या वेळी मला असीमदांपलीकडे फारसं काही दिसलंच नाही. या वेळी बाकीचंही दिसलं, म्हणून लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला, गायन) यांची ओळख १९८४ ची. १९९० मध्ये बँड सुरू झाला. 'इंडियन ओशन' हे नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. १९९१ ला राहुल राम आले, बेस गिटार आणि गायन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पर्यावरणीय विषशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतलेला हा माणूस नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर आले, आणि हे चौघं पंधरा वर्षं एकत्र राहिले.

पंधरा वर्षं चार माणसं! भाऊ-भाऊ एका दुकानात पंधरा वर्षं टिकत नाहीत. आणि ही चार माणसं सगळ्या अर्थांनी वेगळी. एक बंगाली स्वतःच्या मनाने गिटार शिकलेला, दुसरा बंगाली तबल्यावरचा, एक शास्त्रज्ञ-कार्यकर्ता, आणि एक काश्मिरी, वयाने सगळ्यांत लहान. फिल्म चौघांचं आयुष्य स्वतंत्रपणे उलगडते, गाण्यांमागच्या गोष्टी सांगते, आणि मध्ये मध्ये गाणी पूर्ण वाजू देते. हे मला फार मोलाचं वाटतं. संगीतावरच्या बहुतेक फिल्ममध्ये गाणं सुरू झालं की वीस सेकंदांत कुणीतरी बोलायला लागतं. इथे दिग्दर्शक गप्प बसतो. आठ मिनिटांचं गाणं आठ मिनिटं चालतं.

पण या वेळी माझं लक्ष खिळलं ते त्या घरावर. १६/३३०, खजूर रोड, करोल बाग. जुना बंगला. त्यात यांची तालीम चाले. मैफल नाही, ध्वनिमुद्रण नाही, समोर श्रोता नाही, तरी चौघं जमायचे आणि वाजवायचे. एखादा तुकडा कुणाच्या हातून निघतो, दुसरा त्याला काहीतरी लावतो, तिसरा म्हणतो नाही, पुन्हा. यातून गाणं तयार व्हायला महिने लागत. म्हणून तर १९९० चा बँड आणि २००० पर्यंत अल्बम फक्त तीन: 'इंडियन ओशन', 'डेझर्ट रेन', 'कंदिसा'. संगीतकार म्हणून एकाचं नाव मिरवत नाही, संगीत बँडचं.

नाटक करणाऱ्यांना हे चटकन कळेल. प्रयोग लोक बघतात, पण संस्था जगते ती तालमीच्या जागेत. जागा गेली की संस्था हळूहळू विरते. एखादा समूह इतकी वर्षं का टिकतो याचं उत्तर मला त्या बंगल्यात मिळालं. रोज भेटायला ठरलेली जागा होती, आणि रोज यायचं हे चौघांनी मान्य केलं होतं.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय त्यांनी तर जरूर लिहा.

---

तिहाई

पाणकळा, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी तबला शिकतो आणि शिकवतो, तर असीमदांबद्दल तेवढ्याच बाजूने लिहितो.

तबला वाजवता वाजवता गाणं ही किती अवघड गोष्ट आहे हे न वाजवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपल्या बैठकीत गायक वेगळा, तबलजी वेगळा. गायकाला लयीशी खेळायला मोकळीक हवी असते आणि ती देण्यासाठी तबलजीने ठेका घट्ट धरायचा असतो. दोन्ही कामं एकाच शरीरात आली की एक दुसऱ्याला ओढतं. गळा लांबला की हात ढिला पडतो, हात घट्ट झाला की गळा कोरडा होतो. शाहीर डफ वाजवत गातो, गोंधळी संबळावर गातो, हे आपल्याला ठाऊक आहे, पण तिथे वाद्य शब्दांच्या पाठीमागून चालतं. असीमदांचा तबला त्यांच्या गाण्याच्या मागे चालत नाही. तो शेजारून चालतो, कधी उलट दिशेनेही. 'कंदिसा' ऐकताना मी अनेकदा फक्त डग्ग्याकडे कान लावून बसलो आहे. वर एवढी संथ, प्रार्थनेची सुरावट आणि खाली घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर तळहात घासून काढलेला नाद, वेगळंच काही बोलतोय.

ते गेल्यावर बँडने दोन माणसं घेतली, गायनाला हिमांशु जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. दोघेही उत्तम. पण एका माणसाच्या जागी दोन माणसं बसवावी लागली, यातच सगळं आलं.

आणखी एक. बँडमध्ये तबला असला की बहुतेकदा तो फोडणीसारखा येतो. मध्येच चार मात्रांची सुरसुरी, लोक टाळ्या वाजवतात, की पुन्हा ड्रम्स. इथे ड्रम्स आणि तबला दोन्ही कायम आहेत आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. याचं श्रेय अमित किलमना द्यायला हवं. ड्रम्ससमोर तबल्याचा आवाज सहज मरतो. पायाचा ड्रम कुठे वाजवायचा नाही हे त्या माणसाला बरोबर कळतं. डग्ग्यासाठी जागा सोडलेली असते.

---

रानजाई

तिहाई, अमित किलम गबगुबीसुद्धा वाजवतात. बंगालच्या बाऊल लोकगायकांचं वाद्य, काखेत धरून तार ओढून वाजवायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हे तर आपलं चौंडकं! आमच्या आजोळी यल्लम्माच्या जोगतिणी यायच्या, त्यांच्या काखेत अगदी असंच असायचं. तोच गुबगुब आवाज, ताण कमी-जास्त केला की बोलल्यासारखा वर-खाली जाणारा. रॉक बँडच्या मंचावर तो आवाज ऐकला आणि मला आजोळचं अंगण दिसलं. फिल्म पाहिलेली नाही, आता पाहते.

---

सातपुड्याची_वाट

मी 'मा रेवा'बद्दल लिहिणार आहे. थोडं लांबेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धडगाव तालुक्यात नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळेत शिकवत होते. नंदुरबार तेव्हा नुकताच धुळ्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला होता. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली तेहतीस गावं येतात, सगळी त्याच पट्ट्यातली. मणिबेली सगळ्यांत आधी पाण्याखाली जायला लागलं. आमची मुलं पावरी आणि भिलोरी बोलायची, मी नाशिकची, पहिले सहा महिने तर मीच विद्यार्थी होते.

खोऱ्यात सभा म्हणजे गाणी. भाषण दहा मिनिटं, गाणं अर्धा तास. मध्य प्रदेशातल्या निमाडची गाणी, आमच्याकडची आदिवासी गाणी, घोषणांची गाणी. नर्मदेला तिथे रेवा म्हणतात. रेवामाईची गाणी म्हाताऱ्या बायका अशा म्हणायच्या जणू शेजारच्या घरातल्या बाईबद्दल बोलताहेत.

'मा रेवा' हे असंच खोऱ्यातलं लोकगीत. राहुल राम आंदोलनात असताना ते त्यांच्याकडे आलं आणि 'कंदिसा' अल्बमचं पहिलं गाणं झालं. अल्बम आला २००० साली. त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे नेण्याची परवानगी दिली.

मी ते गाणं पहिल्यांदा नाशिकमध्ये ऐकलं, निकालानंतर काही आठवड्यांनी. सुट्टीला घरी आले होते आणि एका कॅसेटच्या दुकानात ते वाजत होतं. दुकानदाराला काही माहीत नव्हतं, त्याला ठेका आवडला होता. मी दारात उभी राहिले. आत जाता येईना, पुढेही जाता येईना. खळखळ वाहणाऱ्या नदीचं ते गाणं, आणि मी जिथून आले होते तिथे पाणी थांबायला लागलं होतं. थांबलेल्या पाण्याला वास येतो, काठाला गाळ साचतो, त्यात गुरं रुततात. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या गाण्यातला प्रत्येक शब्द टोचतो.

माझ्या काही सहकाऱ्यांना तेव्हा राग आला होता. आपलं गाणं शहरात मंचावर गेलं, लोक नाचतात, खोऱ्याचं काय, असं त्यांचं म्हणणं. मलाही काही दिवस तसं वाटलं. पण पुढे पुण्यात एका महाविद्यालयात बोलायला गेले तर एक मुलगा म्हणाला, मी रेवा म्हणजे कोण हे शोधत शोधत इथपर्यंत आलो. त्या गाण्यामुळे तो पुढे दोन महिने खोऱ्यात येऊन राहिला. माझा राग तिथे संपला.

२०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, उंची १३८.६८ मीटर. मी शिकवत होते ती जागा आता पाण्यात आहे. गाणं आहे.

---

पाणकळा

सातपुड्याची_वाट, ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी हे गाणं पंचवीस वर्षं ऐकते आहे आणि ते वर्ष आणि तो निकाल मी कधी शेजारी ठेवून पाहिला नव्हता. लिहिल्याबद्दल ऋणी आहे.

---

कृष्णाकाठ_वाई

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

फिल्म मलाही आवडली, पण ती बँडवर फार प्रेम करते. पंधरा-वीस वर्षं एकत्र काढलेल्या माणसांत ताण नसतील हे मला पटत नाही. ताण होते, हे पुढे दिसलंच. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. ज्याने बँड सुरू केला तोच गेला. तोवर फिल्म होऊन गेलेली, त्यामुळे हा दोष म्हणावा की नाही माहीत नाही. पण आज पाहताना मला सारखं वाटत होतं की दिग्दर्शकाने अजून थोडं खणायला हवं होतं. पैशांचं काय, घरच्यांचं काय, कुणाला कधी सोडून जावंसं वाटलं, का नाही गेला?

आणि माझं ठाम मत: असीमदा आणि सुस्मित गेल्यावर राहिलं ते इंडियन ओशन नव्हे. सुस्मितची गिटार हा त्या बँडचा कणा होता. तो माणूस पाश्चात्त्य पद्धतीने कॉर्ड धरत बसत नाही. मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या झणझणत ठेवतो आणि त्यावर सुरावट चालवतो. 'डेझर्ट रेन' ऐका. पथनाट्य करणारे सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातलं थेट ध्वनिमुद्रण आहे ते. त्यात शब्द फार नाहीत, तरी कुठे पोकळी जाणवत नाही, कारण गिटारच बोलत असते. 'गोइंग टू आयटीओ' नावाची रचना आहे त्यात. आयटीओ म्हणजे दिल्लीतला आयकर कार्यालयाजवळचा तो गजबजलेला चौक. चौकात अडकलेल्या गाड्यांच्या गर्दीला इतकं सुंदर संगीत कुणी दिलं असेल का?

---

तिहाई

कृष्णाकाठ, गिटारबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या निष्कर्षाशी नाही.

घराण्यात गुरू गेला की घराणं संपत नाही. गायकी बदलते, काही जागा कायमच्या जातात, पण तालमीची पद्धत राहते. निखिल राव २०१३ पासून गिटारवर आहेत. ते सुस्मितची नक्कल करत नाहीत, त्यांची गिटार इलेक्ट्रिक, नाद वेगळा. पण रचना अजूनही तशीच सगळ्यांत मिळून तयार होते, घाई नाही. 'तंदानू' हा अल्बम २०१४ ला, त्यानंतरचा 'तू है' थेट २०२३ ला. नऊ वर्षं! मधल्या काळात 'मसान' चित्रपटाची गाणी केली. 'मन कस्तूरी' ऐकून सांगा की हा बँड संपलाय.

---

कृष्णाकाठ_वाई

'मन कस्तूरी' सुरेख आहे, मान्य. पण मला ते एकाच गळ्याचं गाणं वाटतं. 'कंदिसा' कुणा एकाचं वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. आपण दोघं आपापल्या जागी राहू.

---

वरळीकर

मी 'बंदे'बद्दल लिहिते, कारण अजून कुणी त्याचं नाव घेतलेलं नाही.

१२ मार्च १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो. सेंच्युरी बाजारचा स्फोट आमच्या घरातून ऐकू आला, म्हणजे ऐकू येण्याआधी भांडी हलली. आई मला पोटाशी धरून जिन्याखाली बसली होती. त्या दिवशी मुंबईत २५७ माणसं गेली.

त्या स्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटाला संगीत इंडियन ओशनचं. 'बंदे'चे शब्द पीयूष मिश्रांचे. खटला चालू असल्याने चित्रपट न्यायालयात अडकला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला, पण गाणी आधीच बाहेर आली होती. त्यामुळे माझ्या पिढीतल्या खूप जणांनी चित्रपटाच्या आधी गाणं ऐकलं. महाविद्यालयीन महोत्सवांत पोरं गिटारवर तेच वाजवायची, मी तिथून उठून जायचे.

चित्रपट शेवटी थिएटरात पाहिला तेव्हा गाणं पूर्ण ऐकलं. त्यात कुठेही आरोळी नाही, सूड नाही. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून थांब म्हणतंय, एवढंच. दिल्लीच्या चार माणसांनी आमच्या शहराचं दुःख इतकं नीट कसं धरलं, हे मला आजही कळत नाही. कदाचित त्या माणसांना गाणं मोठं करण्याची घाई नव्हती म्हणून असेल. पाणकळाने तालमीबद्दल लिहिलंय ते वाचून असं वाटलं.

अजूनही मी ते गाणं काम करताना मागे लावून ठेवू शकत नाही. ऐकायचं तर बसून ऐकते.

---

नवखा_श्रोता

धागा वाचून मीही ऐकायचं ठरवलंय. माझं वय एकवीस, रॉक म्हणजे मोठ्या आवाजातलं इंग्रजी गाणं एवढीच कल्पना होती. कुठून सुरुवात करू? आणि 'कंदिसा' म्हणजे काय?

---

पाणकळा

स्वागत! 'कंदिसा' अल्बमपासूनच सुरू करा, क्रमाने, मध्ये न थांबता. सात रचना आहेत. 'कंदिसा' हे केरळमधल्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवर बेतलेलं आहे. भाषा अरमाईक कुळातली, शब्दाचा अर्थ 'पवित्र'. त्याच अल्बममध्ये नर्मदेचं लोकगीत आहे, गोरख पांडेंचं भोजपुरी क्रांतिगीत 'हिल्ले ले' आहे, आणि त्यांचे मित्र संजीव शर्मा यांचे शब्द आहेत. चार-पाच कोपऱ्यांतून आलेल्या या गोष्टी एकाच घरात राहिल्यासारख्या वाटतात. 'लीव्हिंग होम' हे नावही याच अल्बममधल्या एका रचनेचं.

मग २००३ चा 'झीनी', त्यात कबीर आहे. मग 'डेझर्ट रेन'. फिल्म त्यानंतर पाहा. आधी कान ओळखीचे होऊ द्या.

---

नवखा_श्रोता

आत्ता 'मा रेवा' संपलं. सातपुड्याची_वाट ताईंचा प्रतिसाद वाचून मग ऐकलं, त्यामुळे नुसतं गाणं म्हणून ऐकता आलं नाही. बेसचा आवाज सुरू झाला तेव्हा अंगावर काटा आला. आमचा कॉलेजमधल्या चार जणांचा गट आहे, आम्ही एका मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवतो. गेल्या महिन्यात एक जण म्हणाला, कार्यक्रम नाही तर रोज कशाला जमायचं. उद्या त्याला हा धागा दाखवणार आहे.

---

रानजाई

काल रात्री फिल्म पाहिली. असीमदांच्या पुढच्या गाण्यांबद्दल कुणाला माहीत आहे का? म्हणजे त्यांच्या आवाजातली शेवटची?

---

पाणकळा

आहेत. त्यांच्या जाण्याआधी काही गाणी ध्वनिमुद्रित झालेली होती. बँडने त्या अल्बमला बंगल्याचाच पत्ता नाव म्हणून दिला, '१६/३३०, खजूर रोड'. आणि तो कुठल्या कंपनीला विकला नाही. जुलै २०१० पासून आपल्या संकेतस्थळावर दर महिन्याला एक गाणं फुकट ठेवलं, कुणीही उतरवून घ्यावं.

मी तेव्हा ठाण्याला भाड्याच्या घरात राहत होते, इंटरनेट इतकं सावकाश की गाणं यायला अर्धा तास लागायचा. मी संध्याकाळी उतरवायला लावून स्वयंपाक करायची आणि जेवण झालं की दिवा मालवून ऐकायची. पहिलं होतं 'चाँद'. नुकत्याच गेलेल्या माणसाचा नवा आवाज दर महिन्याला घरी येत होता. शेवटचं गाणं येऊन गेल्यावर पुढच्या महिन्यातही मी ते संकेतस्थळ उघडून पाहिलं. त्याच्या पुढच्याही.